चार बोटांची चूक

“तुमच्या गाडीच्या मागच्या सीटवर कोण बसतं हो?”

विचारलं. खरंच विचारलं. नीलाच्या कानांच्या पाळ्या तव्यावर टेकल्यासारख्या तापल्या, पण बाहेर पडलेला प्रश्न काही चिमटीत धरून परत तोंडात घालता येत नाही. मागे भेळेच्या गाड्याआड दुर्गा आणि वर्गातल्या बाकीच्या पोरी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावलेली. जालन्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आलेली नीला यंदा गॅदरिंगमध्ये माइक हातात घेऊन धडाधड बोलली होती, तेव्हापासून ती स्वतःला फार धीट समजायला लागली होती. मग दुर्गा म्हणाली, एवढी धीट ना तू, तर मस्तगडच्या त्या सीटवाल्याला विचारून दाखव.

सीटवाला बुटक्या स्टुलावर बसला होता. मांडीवर एका मोटारसायकलचं सीट उलटं धरलेलं, दातांत दोन बारीक खिळे. त्याने आधी एक खिळा काढला, मग दुसरा, आणि मग मान वर केली.

“ढेप,” तो म्हणाला.

“काय?”

“सरकीची ढेप. शनिवारी घरी जातो ना मी, तीर्थपुरीला. म्हशी हाईत आमच्या. पोतं असतं मागं बांधलेलं.” मग जरा आठवून, “कधी मिठाची गोणी पण असते.”

नीलाला हसू आलं. हसायचं पैजेत नव्हतं.

“कामून वो मॅडम? ढेपेची काही तक्रार हाय का?”

“नाही… म्हणजे…”

“का पोरींनी पाठवलं?” त्याने भेळेच्या गाड्याकडे नजर टाकली. गाड्यामागून एक ओढणी सर्रकन आत गेली.

आता आली का पंचाईत! धीट माणूस पकडला गेला की त्याच्यासारखा घाबरट दुसरा नाही. नीलाने समोर दिसेल ते धरलं—आणि समोर सीटंच सीटं टांगलेली होती. “छे. आमच्या बाबांच्या मोटारसायकलचं काम आहे. सीटवर बसवत नाही त्यांना. तुम्ही मागं बसणाऱ्याचाही विचार करता का, एवढंच विचारायचं होतं.”

“मंग तसं विचारायचं ना.”

“तसंच विचारलं.”

“बराबर,” तो गंभीरपणे म्हणाला, पण त्याच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकून गेलं. “दुखतं कुठं साहेबांचं?”

“पाठ.”

“पाठ लई मोठी असते. वर, मधी, का खाली?”

“खाली.”

“किती खाली?”

नीलाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “माकडहाडाशी,” ती पुटपुटली. त्याने कानाला हात लावला. “माकडहाड,” ती मोठ्याने म्हणाली, आणि शेजारच्या टायरवाल्यानेसुद्धा मान वळवली.

सीटवाला हसला नाही, हे त्याचे उपकार. हाताचा पंजा तिरका धरून त्याने दाखवलं, सीटाला उतार पुढे असला की माणूस घसरत पुढे येतो, हातांनी स्वतःला मागे रेटतो, परत घसरतो. सगळा रस्ता तेच. फोम कापून बैठक बदलायची, उतार मोडायचा.

“जमेल तुम्हाला?”

“जमंल की. मागं एका मास्तरांचं केल्तं, ते न्हाई जमलं. उतार जास्तीच झाला. मास्तर सारखे टाकीवर जाऊन बसायचे.”

“मग?”

“मंग काय. मास्तर सायकल वापरून राह्यले आता.”

या वेळी नीला मोठ्याने हसली. वरच्या पत्र्यावर श्रावणाची भुरभुर वाजत होती, त्याच्या बाहीवर पिवळ्या फोमचा चुरा चिकटला होता, आणि पाटीवर लिहिलेलं होतं—बद्रीनाथ सीट मेकर. ती पैज जिंकून परत गेली. पण भेळ खाताना दुर्गाने तीनदा विचारलं तरी तो काय म्हणाला ते तिने सांगितलं नाही.

*

थाप मारली होती खरी, पण थापेत खोटं काहीच नव्हतं. नीलाचे बाबा, भालचंद्रराव, पाटबंधारे खात्यात होते. कालव्यांच्या कामावर मोटारसायकल फिरवून फिरवून त्यांची पाठ अशी धरायची की घरी आल्यावर ते उभ्यानेच चहा प्यायचे. आई म्हणायची, घोड्यासारखे.

बाबांची पाठ दुखते याचं नीलाला वाईट वाटायचं. आणि दुखते म्हणून बरंही वाटायचं. आणि बरं वाटतं म्हणून पुन्हा दुप्पट वाईट वाटायचं. कारण होतं चिखलीचं स्थळ. मुलगा बँकेत, घर चांगलं, त्याचे वडील अण्णासाहेब दर संकष्टीला राजूरच्या गणपतीला यायचे. तिथेच दोन्हीकडच्या मोठ्यांनी भेटायचं, देवासमोर बोलायचं, असं ठरलेलं. चतुर्थीला एसटीत पाय ठेवायला जागा नसते, तासभर उभं राहिलं किंवा जीपमध्ये आखडून बसलं की बाबांची पाठ अडते, म्हणून ते मोटारसायकलवर निघायचे, आणि अर्ध्या वाटेतून कण्हत परत यायचे. असं दोन वेळा झालं होतं.

“देवाला न येण्याचं कारण सांगता येतं,” आई म्हणायची, “माणसांना किती वेळा सांगायचं?”

नीलाने घाबरत घाबरत सीटाचा विषय काढला. पैज सोडून बाकी सगळं सांगितलं. वाटलं होतं, बाबा म्हणतील कशाला नसता खर्च. पण बाबा खुर्चीतून उठले—एका हाताने पाठ धरून—आणि म्हणाले, “अगं, हे आधी का नाही सुचलं कुणाला? सीट झालं की येत्या चतुर्थीला राजूर. चिखलीचंही होऊन जाईल.”

नीलाच्या हातातली लाटी पोळपाटावरच चिकटली. आपल्याच हाताने आपण काय करून बसलो, हे तिला त्या क्षणी कळलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना बाबा स्वतःचं माप देऊन, मोटारसायकल दुकानात सोडून गेले. राहिलं मागच्या बैठकीचं. संध्याकाळी नीला दुर्गाला घेऊन मस्तगडला पोचली.

“काकू न्हाई आल्या?” बद्रीनाथने विचारलं.

“आई? भर बाजारात, चार पुरुषांसमोर, चाकं नसलेल्या सीटावर बसायला? मनातही आणू नका.”

“मंग मागचं माप?”

“मी बसते,” नीला म्हणाली. दुर्गाने तिला कोपर मारलं. उशीर झाला होता.

त्याची माप घ्यायची तऱ्हा न्यारीच होती. सीटाचा नुसता पत्रा लोखंडी घोडीवर ठेवायचा, त्यावर ओल्या वाळूची चपटी पिशवी, वर प्लास्टिक. माणूस त्यावर बसून उठला की वाळूत त्याची बैठक उमटायची. कारखान्यातून येणारं सीट, तो सांगत होता, दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्याचं असतं. आपल्याकडच्या बाया एका अंगाने बसतात, दोन्ही पाय डावीकडे. त्यांचा भार निराळा, त्यांना खोलगट बैठक आडवी लागते. लांबीला बोटभर कमी पडली तर कड रुतते, आणि माणूस कडेवर बसला की घसरतो.

“बसा. गाडीवर बसता तसं.” एवढं सांगून तो पाठ फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला.

नीला बसली. खाली वाळू गार, आणि छातीत काहीतरी फडफडणारं. “बसले.”

“हलू नका.”

“श्वास घेतला तर चालेल?”

“घ्या. पण हळू.” तो कॅलेंडरलाच म्हणाला. “आता समजा, साहेबांनी ब्रेक मारला.”

“बाबा ब्रेक मारत नाहीत. हॉर्न वाजवतात.”

दुर्गा फिसकन हसली. कॅलेंडरकडे तोंड केलेल्या माणसाचे खांदेही हलले.

ती उतरली. वाळूत तिच्या बसण्याचा ठसा स्वच्छ उमटला होता, आणि तो वाकून बघायला लागला तेव्हा नीलाला वाटलं, त्या ठशावर पटकन ओढणी टाकावी. पण त्याची नजर कामाची होती. त्याने पुठ्ठ्यावर माप उतरवलं. पुठ्ठा कापून हातात धरला, तिच्याकडे पाहिलं, लगेच पुठ्ठ्याकडे पाहिलं.

“काकू तुमच्यापेक्षा… म्हंजे… अंगानं?”

“चार बोटं वाढवा.”

“सहा,” दुर्गा म्हणाली.

“चार. आईला कळलं ना तू सहा म्हणालीस…”

“चार,” तो म्हणाला. “फोम कापताना वाढवतो. ध्यानात हाय.”

त्यानंतर नीलाला मस्तगडला जायची कारणं सापडायला लागली. रेग्झीन काळं की तपकिरी? शिलाई कोणत्या रंगाची? आई विचारते (आईने काहीच विचारलेलं नसायचं), पाणी मुरेल का? तो प्रत्येक प्रश्नाचं उत्तर प्रश्नापेक्षा लांब द्यायचा. त्याच्या घरच्या म्हशींची नावं तिला पाठ झाली. वडील कडूबा म्हणून, मोसंबीच्या बागेत झाडांशी बोलतात आणि घरात कुणाशी बोलत नाहीत, हेही कळलं. त्याला कळलं की नीलाला रात्री पडलेली स्वप्नं सकाळी सांगायची सवय आहे आणि ऐकायला घरात कोणाला वेळ नाही. तो म्हणाला, “मला असतो. हात चालू असला तरी कान रिकामेच असतात.”

किती साधं बोलला होता. पण ती घरापर्यंत पायांनी चालत गेली की कशाने, तिलाच आठवेना.

आणि चतुर्थी जवळ येत होती.

*

“सीट एवढ्यात देऊ नका.”

त्या दिवशी ती एकटी आली होती, आणि आल्या आल्या हेच म्हणाली. बद्रीनाथ फोमच्या जाड वडीवर पट्टी ठेवून पुढच्या भागावर ब्लेड चालवत होता. बाबांची बैठक तयार होत आली होती, मागचं कापायचं राहिलं होतं.

“का बरं? उद्या द्यायचं ठरलंय ना?”

“रेग्झीन संपलं म्हणा. नाहीतर आजारी पडा.”

“आजारी पडू?”

“थोडेसे.”

तो हसायला गेला आणि तिचा चेहरा बघून थांबला. “कामून पण?”

“सीट झालं की बाबा राजूरला जाणार.”

“राजूरला तं जावंच. गणपती—”

“गणपतीसाठी नाही. चिखलीचे लोक येणारेत तिथं. स्थळ आहे.”

“कुणासाठी?”

“आमच्या घरात लग्नाचं दुसरं आहे कोण?”

ब्लेड फोममध्येच अडकून राहिलं. बाहेरून एक बैलगाडी गेली, मागून एक रिक्षा भोंगा वाजवत तिला ओलांडून गेली.

“पोरगा काय करतो?” शेवटी त्याने विचारलं.

“बँकेत आहे.”

“चांगलं हाय मंग.”

“चांगलंच आहे. म्हणून तर भीती वाटते. वाईट असतं तर नाही म्हणायला कारण तरी होतं.” ती एक पाऊल पुढे आली. “एक चतुर्थी जाऊ द्या. तेवढीच. पुढचं पुढं बघू.”

त्याने ब्लेड काढून बाजूला ठेवलं. हातावरचा चुरा झटकला, परत झटकला, काही नसताना अजून एकदा झटकला.

“काल साहेब आल्ते इथं,” तो म्हणाला. “सीट कुठवर आलं बघायला. मी स्टूल दिलं, तं म्हणले नको, बसलो तर तुला उठवावं लागंल. हसत म्हणले, पण ओठ आवळले व्हते त्यांनी. अशा माणसाचं काम मुद्दाम अडवून ठेवू?”

नीलाला ठाऊक होतं, तो म्हणतोय ते खरं आहे. म्हणून तर तिला जास्त राग आला. त्याने थोडं तरी अडखळावं की! एकदा तरी म्हणावं की, चिखली नको.

“नका अडवू,” ती म्हणाली. “चांगलं मऊ करा. बिलकुल गादीसारखं. लवकर पोचू द्या त्यांना चिखलीवाल्यांपर्यंत.”

“मॅडम—”

“मॅडम नाही. नीला.” आणि ती पावसाच्या भुरभुरीत छत्री न उघडताच निघाली.

दुसऱ्या दिवशी सीट लागलं. बाबाच जाऊन मोटारसायकल घेऊन आले. म्हणाले, पोरगा गप्प गप्प होता आज, बरं नसेल.

*

चतुर्थीच्या सकाळी बाबा मोटारसायकलवर बसले आणि अंगणातल्या अंगणात त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला. “उमा, हे सीट नाही गं, आरामखुर्ची आहे.”

आई दूर्वांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली. जरा पुढे सरकली. जरा मागे. परत पुढे.

“काय झालं?”

“काही नाही. नवीन आहे. होईल सवय,” आई म्हणाली, पण बाबांच्या खांद्यावरचा तिचा हात नेहमीपेक्षा घट्ट होता. फाटकाबाहेर पडताना मोटारसायकलच्या आवाजात कसलाही खडखडाट नव्हता, आणि नीलाला वाटलं, आता त्यांना काहीच अडवणार नाही.

दिवस कसा गेला म्हणून सांगावं… तिने उपासाची भगर करपवली. अकाउंटन्सीचं पुस्तक उघडलं, एकच ओळ वाचत बसली. मनातल्या मनात ती राजूरच्या पायऱ्यांवर होती. आता भेटले असतील. आता आई म्हणाली असेल, मुलगी स्वयंपाकात सुगरण आहे. आता अण्णासाहेब मान डोलावत असतील.

दुपारनंतर पाऊस वाढला आणि तिची भीती बदलली. चहाच्या वेळेपर्यंत परत येतो म्हणाले होते. चहाची वेळ गेली. देवापुढे दिवा लावायची वेळ आली. ओला रस्ता, चतुर्थीची गर्दी, जीपवाले कसेही घुसतात… चिखली गेली खड्ड्यात, देवा, ही दोघं नीट येऊ दे.

फाटक वाजलं. ती धावत ओट्यावर आली.

बद्रीनाथ होता. डोक्यापासून टाचेपर्यंत निथळत, हातात एक पुठ्ठा, तोही भिजून लोंबणारा.

“आले का साहेब?” त्याने विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

“नाही अजून. का?”

“काकू बसल्या का मागं?”

“हो. का? काय झालं? बोला ना.”

“चार बोटं…” त्याने पुठ्ठा पुढे धरला. “वाढवायची व्हती ना. मी वाढवलीच न्हाईत. आज दुसऱ्या कामाला पुठ्ठा शोधायला गेलो, हा हातात आला आन् धस्स झालं. मागची बैठक तोकडी झाली. काकू कडेवर बसल्या असतील सगळ्या रस्त्यानं. त्यात रेग्झीन ओलं…”

आईचा तो घट्ट हात नीलाला दिसला. “मुद्दाम केलंत?”

“मुद्दाम केलं असतं तं सांगायला आलो असतो का?” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला, आणि लगेच खाली आला. “तुम्ही चिखलीचं सांगून गेल्या. त्याच्यामागं मी मागचं कापायला बसलो. हात चालू व्हता, ध्यान नव्हतं. डोळ्यापुढं तुमचंच माप व्हतं. हातानं… तेच कापलं.”

पाऊस पन्हाळीतून धो धो पडत होता. याच्यावर ओरडावं की काय करावं, नीलाला समजेना. आई तिकडे रस्त्यावर होती, आणि इथे हा माणूस, ज्याला मनातलं एक वाक्य सरळ बोलता येत नव्हतं, तो भिजक्या पुठ्ठ्यावर सगळं सांगून मोकळा झाला होता.

“मी बघून येतो त्यांना,” तो म्हणाला, आणि फाटकाबाहेरच्या मोटारसायकलला किक मारली. ती फुरफुरली, बंद पडली. परत किक. परत फुरफुर.

“मी पण येते.”

“लोकं बघतील.”

“बघू देत. माझी आई आहे ती.”

त्याचा पाय किकवरच थांबला. “नीला,” तो म्हणाला. पहिल्यांदा. “एक विचारायचं व्हतं. पण ही वेळ न्हाई.”

“मग कधी? चिखलीची वरात दारात आल्यावर?”

त्याने तोंड उघडलं… आणि गल्लीच्या टोकाला ओळखीचा हॉर्न वाजला. बाबाच. बाबांशिवाय असा हॉर्न जालन्यात दुसरं कोणी वाजवत नाही.

मोटारसायकल जवळ आली. मागचं सीट रिकामं होतं.

“आई कुठंय?” नीला किंचाळलीच. “बाबा, आई कुठंय?”

“अगं हळू. येतेय.” बाबा सावकाश रेनकोटची बटणं काढत होते. “जाताना कशीबशी बसली. येताना म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, मी जीपने येते. तिच्या जीपमध्ये माणसं भरेपर्यंत मी थांबलो, म्हणून हा उशीर. पण माझी पाठ बघ—” ते कमरेत डावीकडे वळले, उजवीकडे वळले. मग त्यांना बद्रीनाथ दिसला. “अरे, तू इथं? माझ्यापुरतं काम एकदम फर्स्ट क्लास झालंय हं. आणि नीला, अण्णासाहेब रविवारी येतायत. तुला बघायला.”

बद्रीनाथने पुठ्ठा पाठीमागे लपवला. कशासाठी, कोण जाणे.

तेवढ्यात आई आली. जीप नाक्यावर सोडून चालत, साडीचा काठ चिखलाने भरलेला. नीलाने धावत जाऊन तिला मिठी मारली. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला बाजूला केलं आणि थेट मोटारसायकलपाशी गेली. मागच्या बैठकीवर तिने तळहात ठेवला.

“हे तुम्ही केलंत का?” तिने बद्रीनाथला विचारलं.

“काकू, माझी चूक झाली. चार बोटं कमी पडलं. आत्ता काढून नेतो, दुसरं करून—”

“थांबा. नीला, इकडे ये. बस यावर.”

“आई…”

“बस म्हटलं ना.”

नीला बसली. एका अंगाने, दोन्ही पाय डावीकडे. बैठकीने तिला असं सामावून घेतलं की ना पुढे बोटभर जागा उरली, ना मागे.

“बघा,” आई बाबांना म्हणाली.

“काय बघू?”

“राजूरपर्यंत मी यावर बसायचा प्रयत्न केला. सारखं वाटत होतं, मी दुसऱ्याच कुणाच्या जागेवर बसलेय. कुणाच्या, ते काही कळेना.”

“अगं, माप चुकलं असेल त्याचं.”

“चुकलंच. पण कशानं चुकलं, ते विचारा.”

बाबा बद्रीनाथकडे बघायला लागले. मग नीलाकडे. मग परत त्याच्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो सकाळचा तजेला हळूहळू उतरत गेला.

“साहेब, सगळी चूक माझी हाय,” बद्रीनाथ घाईघाईने म्हणाला. “यांचा काही संबंध न्हाई. मी सीट घेतो आन् जातो.”

“नीला,” बाबा म्हणाले, “तू आत जा.”

नीला सीटावरून उतरली. तिने हँडल धरलं. आत गेलं तर रविवार येणार, हे तिला लख्ख दिसत होतं. अण्णासाहेब येणार, पोहे होणार, आणि ती ट्रे घेऊन जाणार. आई तिच्याकडे बघत होती. ती आत गेली नाही.

“आई, बाबा… मी ठरवलंय,” ती म्हणाली. “रविवारी त्यांना येऊ नका म्हणून कळवा. तुम्हाला अवघड वाटत असेल तर फोन मी करते. मी बी.कॉम. पूर्ण करणार, नोकरी बघणार. घाईनं काही करणार नाही आणि चोरून तर कधीच करणार नाही. आणि लग्नाचं म्हणाल तर…” तिने बद्रीनाथकडे पाहिलं. तो श्वास घ्यायचाही विसरला होता. “यांनी मला अजून विचारलेलं नाही. विचारणार होते, तेवढ्यात तुम्ही आलात. पण माझं उत्तर हो आहे.”